परवानगी असावी

आमच्या पेनेद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडायला परवानगी लागत नसे, तोडायला लागायची. बोलणं संपलं की म्हणायचं, "कों लिसेन्सा," म्हणजे परवानगी असावी. पलीकडच्याने म्हणायचं, "खुशाल." मगच बोर्डातली पिन ओढून लाइन तोडायची. तसं आमच्याकडे सगळीच माणसं फोन ठेवताना हे म्हणायची, पण तोंडदेखलं. म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. आमच्या मुख्य ऑपरेटर दोना एर्मीनिया मात्र उत्तरासाठी थांबायच्या. पलीकडून "खुशाल" येईपर्यंत त्यांचा हात पिनेला लागत नसे. पोस्टखात्याच्या नियमांच्या पुस्तकात हे कुठेही नव्हतं. हा नियम त्यांचा होता आणि पुस्तकापेक्षा कडक होता.

परवा बँकेतून एका मुलीचा फोन आला. मी सत्त्याहत्तर वर्षांची बाई, आणि ती मला "ग्रासिएत, ऐक," म्हणाली, जणू आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. कार्डाचं काहीतरी सांगितलं आणि माझं वाक्य अर्ध्यावर असताना फोन बंद. राग आला हे खरं. चांगलं सुनवावं म्हणून मी उलटा फोनसुद्धा लावला, तर पलीकडे यंत्र. मग राग विरला आणि दोना एर्मीनियांची इतकी आठवण आली, की दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

मी तिथे लागले १९६८ च्या जूनमध्ये. तात्पुरती नेमणूक, चार महिन्यांची. काम पसंत पडलं तर एक ऑक्टोबरपासून कायम. वडील नव्हते. दोन्ही भाऊ रानावनातून चोरून सरहद्द ओलांडून फ्रान्सला गेलेले, त्यांची पत्रं आली तर आली. आईची सगळी भिस्त माझ्यावर.

पोस्टाच्या माडीवर ती खोली होती. भिंतीला टेकलेला लाकडी बोर्ड, त्यावर साठ भोकं, प्रत्येक भोकावर बोटाच्या पेराएवढी पितळी झडप. गावात कुणी फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप खट्कन पडायची. आपण पिन घालायची, "पेनेदा, बोला," म्हणायचं आणि हवं तिथे जोडून द्यायचं. बाहेरगावची लाइन मात्र एकच. ती डोंगरापलीकडच्या सार्झेद्याला जायची आणि तिथला ऑपरेटर पुढे सगळ्या देशाशी जोडून द्यायचा.

दोना एर्मीनिया तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या. सडसडीत, बाह्यांवर काळी कापडी खोळ, लग्न केलेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बोर्डाला हातच लावू दिला नाही. नुसतं "पेनेदा, बोला" म्हणायला लावलं, दिवसभर, खिडकीकडे तोंड करून.

"पोरी, तू दारात उभी राहून बोलतेस. माणसाला आत घे," त्या म्हणायच्या.

"आत घेऊ म्हणजे कसं, दोना एर्मीनिया? तीन शब्द तर आहेत."

"तीन शब्दांत लोक लग्नं करतात. पुन्हा म्हण."

कापडगिरणीचा मालक फोनवर कायम ओरडायचा. एकदा तो मला "झोपलीस का गं कार्टे?" म्हणाला आणि मी जीभ सैल सोडणार एवढ्यात त्यांनी माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "सेन्योर, आपला आवाज अगदी स्पष्ट येतोय," त्या म्हणाल्या, "थोडा हळू बोललात तरी एक शब्दही वाया जाणार नाही." मग तो चक्क "माफ करा" म्हणाला. मी हसू दाबत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. त्या टोमणा मारतच नव्हत्या. त्या माणसाचा आवाज खरोखरच स्पष्ट येत होता.

सार्झेद्याचे ऑपरेटर म्हणजे सेन्योर आबीलियो. सत्तावीस वर्षं ते आणि दोना एर्मीनिया रोज त्या एका लाइनवर भेटत होते, आणि एकमेकांना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मधे चौतीस किलोमीटर घाट आणि आठवड्याला दोन बस. सकाळी आठला पहिली जोडणी व्हायची.

"सुप्रभात, दोना एर्मीनिया. रात्री झोप लागली ना आपल्याला?"

"लागली, आपल्या कृपेने. आपला खोकला?"

"कमी आहे. आपण सांगितलेला मध घेतला. तिकडे धुकं?"

"होतं, आता उतरतंय. बरं, परवानगी असावी."

"खुशाल. पण आधी आपण ठेवा."

"छे छे, आधी आपण."

"बाईमाणसाच्या आधी मी ठेवीन होय?"

हे असं चालायचं. मी एकदा मोजलं, सात वेळा "आधी आपण" झालं. शेवटी कुणाची तरी झडप पडायची तेव्हा सुटका. मी खिडकीशी तोंडाला रुमाल लावून हसायची आणि दोना एर्मीनिया म्हणायच्या, "हस. तुला काय कळतंय."

खरंच कळत नव्हतं. सार्झेद्याहून पुढे जाणारी लाइन एक आणि ती मागणारी गावं पाच, तरी आमचे फोन कधी अडकत नसत. सेन्योर आबीलियो म्हणायचे, "दोन मिनिटं द्यावीत, लिस्बनचा एक संपतोय, पुढचा आपला." बाकीची गावं तासतास ताटकळायची. मला वाटायचं आमचं नशीब चांगलं. ते नशीब दोना एर्मीनियांनी सत्तावीस वर्षं रोज सकाळी आठला विचारपूस करून कमावलं होतं, हे फार पुढे उमगलं.

जुलैअखेर माझा आवाज असा काही तयार झाला, की गावाला आम्हा दोघींतला फरक कळेना. पाद्रीसुद्धा मला "दोना एर्मीनिया" म्हणून आशीर्वाद द्यायचे. मला त्याचा केवढा तोरा! घरी आईसमोर मी त्यांची नक्कल करून दाखवायची.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे मेरीमातेची जत्रा. फ्रान्सला गेलेली पोरं त्या दिवसांत गावी येतात, आणि आली की त्यांना फोन करायचे असतात. पॅरिसला कळवायचं असतं की पोचलो, मुलीच्या बापाला विचारायचं असतं की यायचं का. बोर्डावर झडपांचा पाऊस. मिरवणूक पोस्टासमोरून जाणार होती आणि दोना एर्मीनियांनी मातेसाठी फुलांची माळ करून आणली होती. दुपारी चारला त्या म्हणाल्या, "पोरी, दहा मिनिटं सांभाळशील? माळ घालून येते." सत्तावीस वर्षांत त्या कामावरून अशा उठल्या नव्हत्या. मी मान डोलावली.

त्या खाली उतरल्या आणि सार्झेद्याची झडप पडली. समोर अकरा झडपा आधीच लोंबत होत्या. मी पिन घातली. "पेनेदा, बोला."

"दोना एर्मीनिया, परवानगी असावी," सेन्योर आबीलियो म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा होता. "आज कामाचं काही नाही. आपल्याला एक विचारायचं होतं. बरेच दिवस मनात..."

मला वाटलं, झालं यांचं सुरू. आता धुकं, मग खोकला, मग आधी आपण. खाली बँड वाजत होता, बाराव्या माणसाचीही झडप पडली. मी पिन ओढली. परवानगी नाही, खुशाल नाही, "एक मिनिट" एवढंसुद्धा नाही. तीच पिन मी पुढच्या भोकात घातली.

दोना एर्मीनिया परत आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर ऊन होतं. "काही विशेष?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी सार्झेद्याला पिन घातली. मी शेजारीच होते, दुसरा हेडफोन माझ्या कानाला.

"सुप्रभात, सेन्योर आबीलियो. जत्रेच्या गडबडीत काल आपलं बोलणंच..."

"सुप्रभात, दोना एर्मीनिया. नंबर सांगावा."

त्यांनी नंबर सांगितला. जोडणी झाली. त्या म्हणाल्या, "परवानगी असावी." ते म्हणाले, "खुशाल," आणि लाइन तेव्हाच बंद झाली.

एकही शब्द कमी नव्हता. तक्रार करायला जागा नव्हती. पण दोना एर्मीनिया पिन हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळलं. त्या माणसाने सत्तावीस वर्षांनी धीर करून तोंड उघडलं आणि पलीकडून न बोलता लाइन तोडली गेली. दोना एर्मीनिया असं कधीच करणार नाहीत. केलं, म्हणजे ते त्यांचं उत्तर. आमच्याकडे "नाही" असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही, त्यामुळे न म्हटलेलं ऐकायची सवय लागलेली असते. सेन्योर आबीलियोंनी तेच ऐकलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दीड महिन्याने माझ्या नेमणुकीचा निकाल होता. बोर्डावर आलेला माणूस न विचारता तोडला, हे कळलं तर दोना एर्मीनिया माझी शिफारस कशाला करतील? मी गप्प बसले. आज इतक्या वर्षांनी त्याला भित्रेपणा म्हणते. तेव्हा मी त्याला शहाणपणा म्हणत होते.

आणि मग फोन अडकायला लागले. "क्रमाने मिळेल," सेन्योर आबीलियो सांगायचे, आणि खरोखर क्रमाने द्यायचे, काडीचा अन्याय नाही. पाच गावांत आमचा नंबर पाचवा. डॉक्टरांना कोइंब्राची लाइन मिळायला पाऊण तास. लोक माडीखाली उभे राहून कुरकुरायचे.

दोना एर्मीनिया कुरकुरल्या नाहीत. त्या आतल्या आत स्वतःलाच तपासत होत्या. दुपारी झडपा शांत असल्या की म्हणायच्या, "मी त्यांना खोकल्याचं जरा जास्तच विचारलं का गं? पुरुषमाणसाला नाही आवडत." किंवा, "मागच्या महिन्यात मी एकदा त्यांच्या आधी ठेवला होता. आठवतं तुला?"

"थेट विचारा ना त्यांना," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते निघावं याची आज लाज वाटते.

"काय विचारू? तुम्ही माझ्याशी नीट वागत नाही, असं? अगं, ते तर अगदी नीट वागतायत."

सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी त्यांनी आठला पिन घातली आणि पलीकडे माणूस नव्हता. लांबलचक एकसुरी घूं आवाज. सार्झेद्याला माणसाऐवजी आपोआप जोडणारं यंत्र बसलं होतं. ते नाताळनंतर बसणार असं सगळे म्हणत होते, खात्याने आधीच उरकलं. निरोप नाही, काही नाही. दोना एर्मीनियांनी तो आवाज बराच वेळ ऐकला. मग सवयीने म्हणाल्या, "परवानगी असावी." आणि थांबल्या. मला रडू फुटलं, म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

तेव्हासुद्धा मी बोलले नाही. निकालाला पंधरा दिवस राहिले होते.

एक ऑक्टोबरला पोस्टमास्तरांनी मला कायम नेमणुकीचा कागद दिला. दोना एर्मीनियांनी माझ्यासाठी घरून मार्मेलादाची, म्हणजे फळाच्या मुरंब्याची, वडी आणली होती, केळ्याच्या रंगाच्या कागदात गुंडाळून. "शिफारशीत मी काय लिहिलंय ते नाही सांगणार," त्या म्हणाल्या, "नाहीतर चढून बसशील." मग मला राहवेना.

"दोना एर्मीनिया, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग ना, पोरी. आज तुझा दिवस आहे."

मी सगळं सांगितलं. त्या बोर्डाकडे बघत ऐकत होत्या.

"शब्द काय होते त्यांचे?" त्यांनी विचारलं.

"परवानगी असावी. आज कामाचं काही नाही. आपल्याला एक विचारायचं होतं. बरेच दिवस मनात..."

"आणि हे असं झालंय, हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

त्यांनी बाह्यांची खोळ काढली, तिची घडी केली आणि खणात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपण सांगितलंत, मी आभारी आहे."

मागे कुणी आलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. ते "आपण" माझ्यासाठी होतं.

रविवारी मी बसने सार्झेद्याला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. वाटभर मी माफीची वाक्यं जुळवत होते. एक्स्चेंजला कुलूप होतं. शेजारच्या बेकरीवालीने पिठाचे हात पुसत मला नीट न्याहाळलं. "आबीलियो? तो गेला की ब्राझीलला, भावाकडे. गेल्याच्या गेल्या बुधवारी लिस्बनहून बोट होती. नोकरी संपली, इथे राहून करणार काय एकटा?" मग म्हणाली, "तू पेनेद्याची का? आवाजावरून वाटलीस. तो सारखा पेनेदा पेनेदा करायचा." बुधवारी म्हणजे पंचवीस तारखेला. माझा कागद आला त्याच्या सहा दिवस आधी.

मी ते दोना एर्मीनियांना सांगितलं आणि बेकरीवालीकडून आणलेला भावाचा पत्ता पुढे ठेवला. "तुम्ही लिहा त्यांना. एक ओळ लिहा. माझं नाव घालून लिहा, सगळा दोष माझ्यावर टाका."

"काय लिहू?" त्या म्हणाल्या. "त्यांनी मला काही विचारलंच नाही. मग मी उत्तर कशाचं पाठवू?"

"पण त्यांना जे विचारायचं होतं ते..."

"काय विचारायचं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे? मला नाही. मधाचंही असेल." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "न विचारलेल्याचं उत्तर धाडणारी बाई त्यांना कशी वाटेल, याचा विचार करावा आपण."

तेव्हा मीच लिहिलं. चार पानं, खाडाखोड करत. पिन कुणी ओढली, का ओढली, दोना एर्मीनिया तेव्हा कुठे होत्या, आणि यंत्रालासुद्धा त्यांनी परवानगी कशी मागितली. तेही लिहिलं. लाज सोडून लिहिलं.

बोर्डावर आम्ही दोघी शेजारी बसायचो. काम उत्तम चालायचं. "आपण जरा गिरणीची लाइन बघाल का?" "आपला चहा निवतोय." गावाला वाटलं, ग्रासिएतचा मान वाढला. आईने तर शेजारणींना कौतुकाने सांगितलं, की एवढी मोठी बाई माझ्या पोरीला आपण म्हणते. मी घरी येऊन पांघरुणात रडायची. एका "पोरी"साठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या सान्तोसहून माझ्या नावाने पाकीट आलं. मी ते न फोडताच माडीवर नेलं आणि त्यांच्यासमोर फोडलं. दोन पानं. माझ्या तब्येतीची चौकशी, आईच्या तब्येतीची चौकशी, पेनेद्याला यंदा बर्फ पडलं का. त्या दिवसाचं मी मनाला लावून घेऊ नये. एवढ्या गर्दीत हातून असं होतंच. खरी चूक त्यांचीच, असल्या गोष्टी बोलायला जत्रेचा दिवस निवडला. मग एक ओळ होती: जे विचारायचं होतं ते शेजारच्या गावातून विचारलं असतं तर शोभलं असतं, समुद्रापलीकडून एखाद्या बाईला तिचं घरदार सोडायला सांगणं बरं दिसत नाही. दोना एर्मीनियांना सादर नमस्कार सांगावा.

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोन झडपा पडल्या, त्या मी घेतल्या.

"अक्षर किती सुंदर आहे," त्या म्हणाल्या. ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी कागदाची घडी होती तशीच घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. "पत्र आपल्या नावचं आहे," त्या म्हणाल्या. "ते आपल्याकडेच असायला हवं."

अहो ठेवा, तुमचंच आहे ते, असं मी म्हणायला हवं होतं. त्यांच्या पिशवीत कोंबून पळून जायला हवं होतं. सगळं आयुष्य मी उद्धट होते, तेव्हा एकदा कामी आलं असतं. पण आठ महिन्यांत त्या बाईने मला पुरती शिकवून ठेवली होती. मी हात पुढे केला, "आभारी आहे" म्हटलं आणि घेतलं.

त्या एकोणनव्वद साली गेल्या. जवळचं कुणी नव्हतं, त्यांचं कपाट मीच आवरलं. बाह्यांच्या खोळी, हातमोजे, देवाची पुस्तकं, सगळं घड्या घालून ठेवलेलं. सेन्योर आबीलियोंच्या हातची एक ओळसुद्धा त्यात नव्हती.